पाणी न घेता गेलेली माणसं

वार्षिक परीक्षा संपली की आमच्या आळीतली पोरं आजोळी जायची आणि आमची आई चिडचिडी व्हायची. इतर बायका ट्रंका भरायच्या, स्वारगेटहून एसटी किती वाजता सुटते ते एकमेकींना विचारायच्या, आणि ही उगाचच फळीवरचे डबे घासायला काढायची. म्हणायला आम्हालाही आजोळ होतं. भवानी पेठेत, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं आजोबा होते, आजी होती, मामा होता. आम्ही सकाळी जायचो, जेवायचो आणि उन्हं उतरली की परत यायचो. आई तिथं मुक्कामाला कधी राहिली नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "ते तुझं आजोळ. मला आजोळच नव्हतं."

त्या वयात हे वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं. पुढं कळलं, आणि मग इतक्या वेळा ऐकलं की कंटाळा आला. आता आई नाही, त्यामुळे कंटाळाही नाही. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही. लिहून ते सापडेल अशा भ्रमात मी नाही.

आजोबा भवानी पेठेत गुळाच्या बाजारात मापाडी होते. अडत्याच्या दुकानी माल तोलून द्यायचं काम. पुढं बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला, पण ही हकिगत त्याच्या फार आधीची, बैलगाड्यांच्या काळातली. गुळाच्या ढेपा घेऊन गाड्या चहूकडून यायच्या. कुणी सोलापूर रोडनं, कुणी नगरकडून, कुणी सासवडहून घाट उतरून. अशाच एका गाडीवाल्यानं आपली बहीण आजोबांना दिली. ती गाडी कुठल्या रस्त्यानं आली होती हे मात्र घरात कुणी लक्षात ठेवलं नाही. सुनेचं गाव लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे असं कुणाला वाटलं नसावं.

लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. ताटात तांदूळ पसरायचे, त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, की आईबापांनी ठेवलेलं नाव संपलं. पहिल्या बाळंतपणाला मुलीला माहेरी पाठवायचं, हीसुद्धा रीतच. आजोबांच्या घरानं पहिली पाळली आणि दुसरी पाळली नाही. गुळाचा हंगाम होता, गाडीवाल्यांची जेवणं घरातच व्हायची, आणि माझ्या पणजीनं "एवढा हंगाम होऊ दे, मग जा" म्हणून सुनेला अडवून ठेवलं. न्यायला आलेला भाऊ एकटाच परत गेला. हंगाम संपायच्या आत माझी आई जन्मली आणि तिची आई गेली.

आजोबांनी लवकरच दुसरं लग्न केलं. त्या काळात त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, मलाही फारसं वाटत नाही. तान्हं मूल घरात होतं. पण दुसऱ्या बायकोचं नाव त्यांनी तेच ठेवलं, पहिलीचं. आजोबा म्हातारे झाल्यावर मी त्यांना याचं कारण विचारलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "भांड्यांवर नाव घातलेलं होतं ना." पितळेच्या प्रत्येक भांड्यावर पहिलीचं नाव ठोकलेलं. ते घासून काढून पुन्हा कोण घालत बसणार? हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. काटकसरी माणूस होता, भांडी वाचवली.

झालं असं, की आईला आपल्या मेलेल्या आईचं नाव विचारायचीही सोय उरली नाही. विचारलं तर जे नाव सांगत, त्या नावाची बाई समोर भाकरी थापत बसलेली असे. तांदळात नाव लिहिण्याआधी तिची आई कोण होती, तिला घरात काय म्हणून हाक मारत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सावत्र आई म्हटल्यावर लोकांना जे ऐकायचं असतं ते माझ्याकडे नाही. ती आजी चांगली होती. आईला तिनं न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, लग्नात रडली. फक्त मे महिन्यात आपल्या मुलाला घेऊन ती माहेरी जायची तेव्हा आईला नेत नसे. "तिकडं हिला कोण काय बोलेल, सांगता येत नाही," म्हणायची. मग सुटीभर आई घरी, बापाला डबा पोचवत.

आई गेलेल्या लेकराला आजोळची माणसं घेऊन जातात. अगदी कायमचं नाही तरी चार दिवस सुटीत नेतात, अंगावर नवं परकर-पोलकं घालून परत पाठवतात. आईला न्यायला कुणी आलं नाही. का आलं नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. गाव कुठलं, आई कशी दिसायची, हे त्यामागून येणारं. भाजी निवडताना, शिवणावर बसली असताना ती मध्येच विचारायची, "माझाच राग आला असेल का रे त्यांना? मी जन्मले म्हणून ती गेली ना." मी लहान असताना गप्प बसायचो, मोठा झाल्यावर "काहीतरीच काय आई" म्हणायचो. दोन्हींनी तिला सारखाच फरक पडायचा.

कुणीच आलं नाही, हेही पुरतं खरं नाही. एक जण आला होता. आई तेव्हा दारात चिंचोके खेळण्याच्या वयाची. पटका बांधलेला एक माणूस खांद्यावर गुळाची ढेप घेऊन आला, ढेप उंबऱ्याशी ठेवली आणि तिच्याकडं बघत उभा राहिला. "तूच काय गं ती?" एवढंच म्हणाला. आतून पणजीनं कोण आलंय ते पाहिलं आणि सुनेला नावानं हाक मारून सांगितलं, पाहुण्यांना पाणी आण. ते नाव ऐकून त्या माणसानं एकदम आत बघितलं. त्याच्या बहिणीच्या नावाची हाक, आणि त्या हाकेला ओ देत भलतीच बाई तांब्या घेऊन बाहेर आली. "नको," म्हणाला आणि वळून चालू लागला. आईला त्याचा चेहरा आठवत नव्हता. तांब्यात पाणी काठापर्यंत होतं आणि ते तसंच आत नेलं, हे आठवत होतं.

दारात आलेला माणूस पाण्याला नको म्हणून गेला, तर त्याचा अर्थ आपल्याकडे पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. तो परत आला नाही. ढेप घरानं वर्षभर खाल्ली. आईनं पुढं आयुष्यात कधी गूळ तोंडात घातला नाही. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा हातावर घ्यायची आणि माझ्या तोंडात घालायची.

आजोबा गेल्यावर घर मोडलं, तेव्हा आईनं तो तांब्या तेवढा मागून घेतला. मामा म्हणाला, "घे, पण तो माझ्या आईचा आहे, तुझ्या नाही." त्यावरून दोघांचं वाजलं. तांब्यावर नाव होतं, पण ते दोघींचं होतं, तेव्हा निकाल कसा लागणार? बाकीचं पितळ स्टील आलं तेव्हाच मोडीत गेलं होतं. मी तो तांब्या उलटासुलटा करून पाहिला, देणाऱ्याचं नाव, गावाचं नाव काही आहे का. काही नव्हतं. आईनं तो पुढं आयुष्यभर देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला. तो तिच्या आईचा की नाही हे तिला माहीत नव्हतं, पण त्यातलं पाणी कुणी नाकारलं ते माहीत होतं.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत निवृत्त झालो. अकरावीला तंतुकणिका शिकवताना दरवर्षी सांगायचो, की पेशीतली ही वस्तू तुम्हाला फक्त आईकडून मिळते, बापाचा इथं काही संबंध नाही. मागच्या बाकांवर हशा पिकायचा. आईला ती तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून, असं मागं जात राहायचं. घर बदलो, आडनाव बदलो, तिच्यातला मजकूर तसाच उतरत येतो. कित्येक पिढ्यांत कुठं एखादं अक्षर बदललं तर बदलतं. मुलगा ती घेऊन जन्मतो, पण पुढं देऊ शकत नाही. हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून खाली रेघ मारायचो, कारण ते परीक्षेत यायचं. या धड्याचा आणि घरात भाजी निवडत बसलेल्या बाईचा संबंध लावावा, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्या मुलीच्या आलं.

मुलगी परदेशात असते. एका दिवाळीला आली ती एक डबी घेऊन. गालाच्या आतून काडी फिरवायची, काडी नळीत घालायची, ती तिकडं परत पाठवायची, की आईकडची वंशावळ कळते, आणि जगात कुठं त्याच ओळीतलं माणूस असेल तर तेही कळतं. आम्ही तेव्हा हडपसरच्या पुढं, मांजरी गावात राहायला आलो होतो. मागच्या गॅलरीतून ऊस दिसतो. निम्म्या उसाच्या जागी आता इमारती दिसतात. आईनं कवळी काढून वाटीत ठेवली आणि तोंड उघडलं. नात काडी फिरवत होती आणि आई तोंड उघडं ठेवूनच काहीतरी विचारत होती. काडी बाहेर आल्यावर कळलं, ती विचारत होती, "यावरून गाव सांगतील?"

माझी बायको दारात उभी होती. "अहो, लाळेवरून गाव कळत असतं तर सरकारनं रेशन कार्डं कशाला काढली असती?" ती म्हणाली. पण आईनं त्या दिवशी जेवताना मुलीच्या पानात दोनदा करंज्या वाढल्या.

निकाल यायला बरेच दिवस लागले. आला तो कॉम्प्युटरवर, नकाशासकट. आई 'एम' नावाच्या मोठ्या शाखेच्या एका फांदीवर निघाली. भारतात रस्त्यात हात पुढं केला तर त्या शाखेचं माणूस हाताला लागेल, इतकी ती पसरलेली. नकाशावर आफ्रिकेतून एक बाण निघाला होता, अरबस्तानच्या कडेकडेनं समुद्रकाठ धरून आपल्याकडं आला होता आणि एका रंगीत डागात संपला होता. डाग गुजरातपासून पार खाली केरळपर्यंत. एवढं मोठं आजोळ मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

"मग गाव कुठलं?" आईनं विचारलं.

"एक गाव असं नाही सांगता येत. पश्चिमेकडचं, दक्षिणेकडचं."

"म्हणजे सोलापूर रोडला का सासवडकडं?"

मी शिक्षक माणूस, मला राहवलं नाही. तिला समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. की हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेत एक बाई होती, तिच्या लेकी, लेकींच्या लेकी समुद्राच्या काठानं पुढं पुढं येत गेल्या. काही वाटेत राहिल्या, काही पुढं निघून गेल्या, आणि त्यांतल्याच एकीची लेक म्हणजे तुझी आई.

"कशा आल्या?"

"चालत."

"लेकरं घेऊन?"

"घेऊनच. म्हणून तर तू आहेस."

आईनं त्या बाणावरून शेवटापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "एवढ्या लांबून लेकरं घेऊन चालत आल्या, आणि भवानी पेठ लांब पडली होय त्यांना?"

मला आजवर विद्यार्थ्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले, त्यांतल्या एकानंही मी इतका गारद झालो नव्हतो.

जायच्या आदल्या दिवशी नात आजीजवळ बसली होती. आईनं तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "आता हे सगळं तुझ्याकडं आलं हो." मुलीनं माझ्याकडं बघितलं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तिच्यातली तंतुकणिका तिच्या आईची, माझ्या बायकोची, जिचं आजोळ जुन्नरला धडधाकट उभं आहे. आईची ओळ माझ्या धाकट्या बहिणीमार्फत पुढं जायची होती. तिला मूलबाळ झालं नाही आणि पन्नाशीच्या आतच कर्करोगानं ती गेली. राहिलो मी. माझ्यात ती ओळ आहे, पण माझ्यासारखीच निवृत्त झालेली. आईला हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. मुलगी "हो आजी" म्हणाली.

त्या संकेतस्थळावर 'जुळणारी माणसं' म्हणून एक कोपरा असतो. तो रिकामाच होता. मी अधूनमधून उघडून बघायचो, बायको म्हणायची स्थळं बघताय का. पुढच्या उन्हाळ्यात तिथं एक माणूस आलं. एकच, पण अक्षर अन् अक्षर जुळणारं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, हे मी कबूल करतो. त्याचबरोबर डोक्यातला मास्तर सांगत होता, बाबा रे, तंतोतंत जुळणं म्हणजे दोन सख्ख्या बहिणींच्या लेकी असतील, नाही तर पेशवाईच्याही आधी कुठंतरी वेगळ्या झालेल्या दोन बायकांच्या. यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं.

मी लिहायच्या आधी तिनंच लिहिलं. ती युरोपातल्या एका थंड देशात वाढलेली बाई. पुण्यातल्या एका संस्थेतून तान्हेपणी दत्तक गेलेली, आता वय माझ्याएवढंच. तिनं लिहिलं होतं, माझ्या आईबद्दल मला काहीही माहीत नाही. तुमच्या आई म्हणजे जगातलं माझ्याशी जुळणारं पहिलं माणूस. मला दोन मुलगे आहेत, त्यांनाही हे ऐकून आनंद झाला. तुम्ही कृपा करून सांगू शकाल का, आपलं घराणं कुठलं?

मी ते पुन्हा वाचलं. आम्ही जे विचारायला तिच्याकडं जाणार होतो, ते विचारायला ती आमच्याकडं आली होती. आणि दोन मुलगे. म्हणजे तिकडंही संपलं.

आईला मी हे सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिच्या कानात एकच गोष्ट शिरली, आजोळचं माणूस येणार. "अगं, तिलाही काही माहीत नाही," मी म्हणायचो. "नसू दे. येतीय ना?" ती म्हणायची. त्या बाईचं हिवाळ्यात यायचं ठरलं, तेव्हापासून आई वेगळीच झाली. वॉकर घेऊन घरभर फिरू लागली. मला चिंच आणि मीठ आणायला लावून तांब्या घासून घेतला, मनासारखा झाला नाही म्हणून पुन्हा घासायला लावला. खण, नारळ, तांदूळ काढून ओटीचं ताट आठवडाभर आधी मांडून ठेवलं. मला भीती वाटत होती. एवढी आशा त्या वयाच्या बाईनं करू नये, आणि करू नको असं सांगायचीही सोय नव्हती.

ती आली तेव्हा दुपार होती. हडपसरच्या गर्दीत गाडी अडकल्यानं उशीर झाला होता, त्याबद्दल ती दारातच माफी मागत होती. कापलेले पिकलेले केस, इथंच घेतलेला सुती कुडता, अवघडून केलेला नमस्कार. मी तिच्या तोंडाकडं बघून घेतलं. मला काही साम्य दिसलं नाही. बायको हळूच म्हणाली, हनुवटी. बायकोला नेहमी हनुवटी दिसते. आईनं तिला जवळ बसवलं, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि सोडला नाही. त्या बाईचे डोळे भरून आले होते.

"विचार तिला," आई म्हणाली, "मला का नेलं नाही त्यांनी."

मी इंग्रजीत जमेल तसं विचारलं. ती बाई ऐकून घेऊन म्हणाली, "मी हेच विचारायला आलेय. मला का ठेवलं नाही कुणी?" मी ते मराठीत सांगितलं. मी दोघींच्या मध्ये मूर्खासारखा बसलो होतो. दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच, मला भाषांतर करण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

मग आई उठली. बायको पुढं झाली तर तिला हातानंच थांबवलं. आजोळच्या माणसाला पाणी तिला स्वतः द्यायचं होतं. वॉकरवरून ती देवघरापर्यंत गेली, बायकोनं आधीच भरून ठेवलेला तांब्या उचलला. मी तिच्या मागं हात धरायला होतो. फुलपात्रात पाणी ओतून तिनं ते त्या बाईपुढं धरलं.

बाईनं छातीवर हात ठेवला, गोड हसली आणि मान हलवून नको म्हणाली. पिशवीतून तिनं आपली बाटली काढली, आईला दाखवली, आणि आमच्या घरात बसून स्वतःचं पाणी प्यायली.

आईचा हात तसाच पुढं होता.

"अगं, तिला बाहेरचं पाणी चालत नाही," मी घाईनं म्हटलं. "आल्या आल्या आजारी पडली होती ती. डॉक्टरांनी सांगितलंय."

"बाहेरचं?" आई म्हणाली.

मी त्या बाईला इंग्रजीत म्हटलं, कृपा करून एक घोट घ्या. का ते नंतर सांगतो. ती बिचारी लाल झाली, लगेच हात पुढं केला. पण तोवर आईनं फुलपात्रावर आपला तळवा ठेवला होता. "राहू दे," म्हणाली. "सांगून घेतलेलं पाणी नको."

पुढं चहा झाला. ती बाई चहा प्यायली, छान झालाय म्हणाली, मुलांचे फोटो दाखवले, आईचे फोटो काढले. आई हसून घेत होती. ओटीचं ताट तिनं मागितलं नाही आणि बायकोनं डोळ्यांनी विचारलं तर मान हलवली. जाताना त्या बाईनं वाकून आईला मिठी मारली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी तिला गाडीपर्यंत सोडून आलो, तेव्हा आई तांब्यातलं पाणी गॅलरीतल्या तुळशीला घालत होती.

"आपलीच आहे ती," आई म्हणाली. "आता खात्री पटली."

"कशावरून?"

"पाणी घेतलं नाही. इतकी वर्षं झाली, पण राग गेलेला नाही त्यांचा."

मी तिला समजावलं. टायफॉइड, जंतू, परक्या मुलखातलं पोट, सगळं सांगितलं. ती बाई तिकडं जन्मभर राहिली, तिला रागाचं काय माहीत, असंही म्हटलं. शेवटी आवाजही चढवला. आईनं अगदी मागच्या बाकावरच्या पोरासारखं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू शिकवलेलं बरोबरच असेल." यंत्रानं जे सांगितलं नव्हतं, ते तिला एका नकारानं कळलं होतं, आणि ते चूक होतं, आणि ते खोडून काढायला माझ्याकडं काही नव्हतं.

त्यानंतर तिनं तो प्रश्न कधी विचारला नाही. आयुष्यभर ज्याचा मला वैताग होता, तो बंद झाला आणि घरात भयंकर वाटू लागलं. भाजी निवडताना ती गप्प असायची. त्या बाईची पत्रं यायची. मी तिला सगळं कळवलं होतं, आणि तिनं फार वाईट वाटून लिहिलं होतं, पुढच्या खेपेला मी त्याच भांड्यातून पाणी पिईन, आईंना सांगा. मी आईला वाचून दाखवलं. "होय का," आई म्हणाली आणि कूस बदलली. वॉकर खोलीच्या कोपऱ्यात गेला. डॉक्टरांना काही सापडलं नाही, वय झालंय म्हणाले. नारळ वाळून आत खुळखुळायला लागला, तो बायकोनं एक दिवस फोडून चटणीला वापरला.

होळीनंतर आईनं अंथरूण धरलं. शेवटच्या सकाळी श्वास बदलला तसं बायकोनं मला हाक मारली. अशा वेळी तोंडात पाणी घालतात. मी तोच तांब्या आणला, दुसरा कुठला आणणार? चमच्यानं थोडं पाणी तिच्या ओठांत सोडलं. ते कडेनं ओघळून उशीवर आलं. पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर आलं. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या." मी तिसऱ्यांदा घातलं.

मी जीवशास्त्र शिकवलंय. शेवटी गिळण्याची क्रिया बंद पडते, त्यात राग नसतो की लोभ नसतो. भेटायला येणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगत होतो, कुणी विचारलेलं नसताना. त्या बाईलाही तसंच लिहिलं. पण आई आपल्या आजोळचीच होती, आणि पाणी न घेता गेली.